खरवस जिना चढत नाही

जगातल्या कुठल्याही देशात जा, अपंगांसाठी बांधलेल्या संडासाला कुलूप असतं, त्याची किल्ली एकाच माणसाकडं असते आणि तो माणूस नुकताच जेवायला गेलेला असतो. हे मी अंदाजानं लिहीत नाही. अपंगांसाठी काम करणारी आमची संस्था बारामतीतली, लहानशी. पण जगभर याच कामात असलेल्या संस्थांपैकी काहींशी आमची दर महिन्याला संगणकावर भेट होते. केनिया, नेपाळ, पेरू, कुठले कुठले लोक असतात. पहिल्याच भेटीत मी बिचकत बिचकत किल्लीचं सांगितलं, तर पडद्यावरचे सगळे चौकोन एकदम हसायला लागले. पेरूच्या बाईंनी तर त्यांच्याकडच्या किल्लीवाल्याचं नावच सांगितलं. तेव्हापासून मला जग परकं वाटत नाही.

संपादकांनी 'प्रेरणादायी काहीतरी लिहा' असं कळवलं होतं. क्षमा असावी. या कामात मी पुष्कळ माणसं बघितली. प्रेरणा द्यायची म्हणून सकाळी उठलेलं एकही बघितलं नाही. त्यांना बँकेत जायचं असतं, लग्नाला जायचं असतं, लघवीला जायचं असतं. मधे पायरी असते. त्या पायरीचं काय करायचं, एवढंच माझं काम.

मी रेहाना मुलाणी, सुप्याची. वडिलांचं बाजारात पंक्चरचं दुकान. घरात पदवी मिळवलेली मी पहिली, आणि हे मी संधी मिळेल तिथं सांगते, आताही सांगितलं. वडिलांनी पदवीचा कागद फ्रेम करून दुकानातच टांगला, ट्यूबांच्या शेजारी. पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक दुसरं काय बघणार? अख्ख्या बाजारानं वाचला.

माझ्या कामाला सरकारी भाषेत 'सुगम्यता तपासणी' म्हणतात. हा शब्द उच्चारायलाच रॅम्प लागतो. साध्या भाषेत सांगायचं तर मी टेप आणि एक चाकाची खुर्ची घेऊन फिरते. दवाखाना, बँक, शाळा, कार्यालय, जिथं बोलावतील तिथं. न बोलावताही जाते. दारातनं खुर्ची आत जाते का, बसलेल्या माणसाचा हात काउंटरला पोचतो का, आंधळ्या माणसाला जिना कुठं सुरू होतो ते कळतं का, हे बघायचं आणि लिहून द्यायचं. रॅम्पचा नियम सोपा आहे. एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांब उतार पाहिजे. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण त्याच्याकडं जागा असते चार फूट, आणि तिथंही त्याला बुलेट लावायची असते.

इंदापूरच्या बाजूला एका मंगल कार्यालयात गेले होते. मालक भला माणूस, आधी बासुंदी खायला घातली.

"रॅम्प हाय की आमच्यात, म्याडम," तो म्हणाला. "नवरदेवाची घोडी थेट स्टेजपातूर जाती. एकदा बी घसरली न्हाय."

रॅम्प बघितला. घोडीसाठी उत्तम होता. मी खुर्ची उघडली आणि म्हटलं, "बसा की जरा." तो हसत बसला. मी खुर्ची रॅम्पवर अर्ध्यापर्यंत ढकलत नेली आणि थांबले. खुर्ची मागं रेलली, त्याची नजर छताला लागली.

"म्याडम, धरलंय न्हवं?"

"धरलंय. पण घामानं हात निसटतोय."

"म्याडम, घोडीला चार पाय असत्यात ओ."

"तेवढंच सांगायला आले होते," मी म्हटलं.

आता तिथं बाजूनं लांबलचक उतार आहे. त्याच्यावरनं आचारी भाताची पातेली गाड्यावर ढकलत नेतात आणि मला दुवा देतात. अपंग माणसं येतात का, म्हणाल तर येतात, पण रॅम्पवर आधी पातेल्याचा नंबर लागतो.

आपल्याकडं पायरीएवढंच त्रासदायक दुसरं काही असेल तर तो सत्कार. माझा सहकारी अंकुश एका पायानं अधू, दोन कुबड्या घेऊन चालतो. जागतिक अपंग दिनाला त्याला कुठंतरी स्टेजवर बोलावतातच. शाल, नारळ, गुच्छ, वर एक ट्रॉफी, आणि मग "दोन शब्द बोला". माणसाला हात दोन, दोन्हीत कुबड्या. पहिल्या खेपेला त्यानं नारळ काखेत मारला आणि तो भाषणभर तसाच वाकडा उभा राहिला. पुढच्या खेपेला शहाणा झाला. प्रमुख पाहुण्यांनी नारळ पुढं केला तसा तो म्हणाला, "साहेब, हे जरा धरता?" आणि दोन्ही कुबड्या साहेबांच्या हातात देऊन स्वतः टेबलाला टेकला. भाषण चांगलं लांबवलं. साहेब अखेरपर्यंत कुबड्या धरून उभे होते. त्या वर्षी त्यांनी आमच्या तीन पत्रांना उत्तरं दिली.

मंदाकाकूची गोष्ट मात्र सविस्तर सांगते. गाव लासुर्ण्याच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, कारण लिहायची परवानगी मिळाली ती त्याच अटीवर. माणसांची नावंही बदलली आहेत.

मंदाकाकू पन्नाशी ओलांडलेली. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. चाकाच्या खुर्चीतनं उतरून पाटावर बसायची, दोन गाईंच्या धारा काढायची आणि किटली मांडीवर घेऊन स्वतः डेअरीवर जायची. पहिल्या भेटीत मी तिला 'दिव्यांग' म्हटलं, तर म्हणाली, "दिव्यांग म्हण न्हायतर पांगळी म्हण. पायरी तेवढीच ऱ्हाती."

गावच्या दूध संस्थेच्या निवडणुकीत काकू बाईच्या राखीव जागेवर बिनविरोध संचालक झाली. तिला संचालक व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी. दूध घातलं की फॅटचं मशीन आकडा दाखवतं, त्यावर दर ठरतो. आमच्याकडं सगळ्यांचं जगणं त्या आकड्यावर. पण मशीनचा पडदा सेक्रेटरीच्या केबिनच्या खिडकीच्या आत, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला.

"मला खुर्चीतनं सेक्रेटरीची हनुवटी दिसती," काकू सांगायची. "पोपटराव काय आकडा सांगल तो खरा. माझं दूध कसं हाय ते म्या इतकी वर्षं त्येच्या हनुवटीवरनं वळखतीया."

तिला तो पडदा खाली आणि बाहेरच्या बाजूला वळवून पाहिजे होता. त्यासाठी सभेत बोलायला पाहिजे. आणि सभा व्हायची वरच्या मजल्यावर.

इमारत अशी, की खाली दूध संकलन, वर हॉल. मधे बाहेरनं जिना, उभा, कठडा नाही. हॉलला चेअरमनच्या वडिलांचं नाव. त्यांनीच ही संस्था काढलेली. चेअरमन दत्तूआबा, सत्तरीचे. वडिलांचा मोठा फोटो हॉलमध्ये, त्याला रोज हार. त्या फोटोखाली बसल्याशिवाय आबांची सभा सुरू होत नसे.

वाईट हेतू कुणाचाच नव्हता. या कामात वाईट हेतूची माणसं क्वचित भेटतात. भेटतात ती चांगल्या हेतूची, आणि ती जड जातात. पहिल्या सभेला चार पोरांनी काकूला खुर्चीसकट उचललं. अर्ध्या जिन्यात एकाचा फोन वाजला आणि त्यानं एका हातानं तो घेतला. खुर्ची कलली, पदर सुटला, आणि समोरच्या पारावर बसलेली माणसं उठून उभी राहून बघायला लागली.

"दुधाचा क्यान बी असा धरत न्हाईत," काकू मला म्हणाली. "सांडतंय म्हणून. माझं काय सांडणार, असं वाटलं आसंल."

त्यानंतर ती उचलून घ्यायला तयार होईना. दुसरी सभा झाली, आणि सेक्रेटरी पोपटराव इतिवृत्ताची वही घेऊन तिच्या गोठ्यात हजर.

"काकू, हितं सही करा. आबा म्हणलं, काकूला तरास नगं."

"सभा कुठं झाली?"

"वर."

"म्या कुठं हुते?"

"हितंच की, गोठ्यात."

"मग सही गाईची घे. ती बी हितंच हुती."

सही न केल्यामुळं ती गैरहजर लागली. पुढच्या सभेलाही तेच. संस्थेचा नियम असा, की लागोपाठ तीन सभा चुकल्या की जागा रिकामी. आता एकच सभा उरली होती. तेव्हा काकूनं मला फोन केला. "टेप घिऊन ये," एवढंच म्हणाली.

मी गेले, जिना मोजला. नियमानं रॅम्प आखायला लागले तर तो इमारत ओलांडून, रस्ता ओलांडून थेट आबांच्या उसात शिरला. आबा बांधावर उभं राहून बघत होते.

"मुलाणीबाई, अजून किती आत जाणार?"

"आणखी दोन सऱ्या, आबा."

"मंग त्यापरीस कारखान्यालाच जोडा की. ऊस बी त्येच्यावरनंच जाईल."

रॅम्प बारगळला. लिफ्टचं नाव काढलं तर आबा नुसते आकाशाकडं बघायला लागले. मी म्हटलं, "सोपा उपाय सांगू? सभा खाली घ्या. एक पैशाचा खर्च नाही."

"आन् वडलांचा फोटो?"

"तोही खाली आणू."

"क्यानाशेजारी ठिवू व्हय वडलांना?"

"त्यांनी सगळी हयात क्यानाशेजारीच काढली ना, आबा?"

आबांनी टोपी काढली. मला वाटलं जिंकले. पण ते टोपी झटकून म्हणाले, "काकूला उचलून आणतो की आमी. चार पोरं हायत. देवीची पालखी उचलतो तशी उचलू."

"पालखीला विचारतात का आबा, उतरायचंय का म्हणून?"

"तुमी लई शिकल्याली बाई," आबा म्हणाले आणि चालायला लागले. एरवी हे वाक्य मला आवडतं.

कायदा आमच्या बाजूनं होता. पत्राचा मसुदा माझ्या पिशवीत तयार होता. पण काकूनं तो वाचून परत दिला. "ह्येनं जागा ऱ्हाईल," ती म्हणाली. "पर रोज सकाळी दूध त्याच खिडकीत घालायचं हाय मला." तिचं खरं होतं. एका दुसऱ्या गावात आम्ही असंच पत्र पाठवून जिंकलो होतो. तिथली बाई एकदा सभेला गेली, तिच्याशी कुणी चकार शब्द बोललं नाही, ती परत गेली नाही. आमच्या अहवालात ते प्रकरण 'यशस्वी' म्हणून नोंदलंय. मला ते अजून खुपतं.

त्याच आठवड्यात आमची जगाची भेट होती. मी काकूचं प्रकरण मांडलं. माझं इंग्रजी बारामतीच्या कॉलेजातलं, पण समोरचेही काही विलायतेत जन्मलेले नव्हते, त्यामुळं चांगलं समजलं. उपाय धडाधड यायला लागले. कुणी घडीचा रॅम्प सांगितला, कुणी जिना चढणारं यंत्र, कुणी वर्तमानपत्रात बातमी. केनियाच्या बाई, त्या स्वतः चाकाच्या खुर्चीत असतात, सगळ्यांचं लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "सभेत खायला काय असतं?"

मला वाटलं, त्यांना प्रश्न समजला नाही. पण त्या पुढं म्हणाल्या, की त्यांच्या गावात पंचांची बैठक टेकडीवरनं खाली झाडाखाली आली ती चहाची किटली झाडाखाली ठेवल्यामुळं. पंच किटलीमागं आले. कायदा नंतर आला.

मी काकूला फोन केला. "केनियाच्या बाई विचारतायत, सभेत खायला काय असतं?"

"शिळी भेळ. केनिया कुठं आलं?"

"लांब. समुद्रापलीकडं."

"तितं बी जिनं हायत व्हय?"

"आहेत."

काकूनं गाईला दोनदा चुचकारलं. मग म्हणाली, "माझी गाय आज-उद्यात व्यायची हाय. सभा गुरुवारी हाय न्हवं?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. गाय व्याली की पहिले काही दिवस दाट पिवळसर दूध येतं, त्याला चीक म्हणतात. तो डेअरीत चालत नाही. गूळ, वेलदोडा घालून वाफवला की खरवस होतो, आणि तो वाटून खायचा असतो. खरवसाला 'नको' म्हणणं म्हणजे गाईचा अपमान. दूध संस्थेच्या संचालकानं तर नाहीच म्हणू नये.

गुरुवारी सकाळी काकू जिन्याच्या तोंडाशी, दूध संकलनाच्या खोलीत, मोठं पातेलं घेऊन बसली होती. मी शेजारी पानांच्या द्रोणांत वड्या भरत होते. पहिले तात्या आले, संचालकांत वयानं सगळ्यात थोर.

"आरं वा. द्या की, वर जाऊन खातो."

"वर न्यायचा न्हाय तात्या. गरम हाय, बसून खावा."

तात्या पालथ्या क्रेटवर बसले. दुसरे आले, तिसरे आले, बसत गेले. खरवसासमोर बसलेला माणूस लवकर उठत नाही. पोपटराव वही काखेत मारून आला, त्यालाही द्रोण दिला.

"पोपटराव, गणपूर्ती किती लागती?" काकूनं विचारलं.

पोपटरावनं तोंड भरलेल्या अवस्थेत माणसं मोजली. मोजताना त्याला काय ते कळलं. तो घास गिळून हळूच म्हणाला, "झाली की."

"नोटिशीत जागा काय लिवली हाय?"

"संस्थेची इमारत."

"ही कुणाची इमारत हाय?"

तात्या हसायला लागले. "लिव की पोपट. वर जाऊन तरी काय दिवा लावणार हाय."

एवढ्यात वरनं आबांचा आवाज आला. "आरं कुठं अडकला समदी?"

"खरवस खातोय, आबा," तात्या ओरडले.

"मंग माझा वर द्या."

"खरवस जिना चढत न्हाय, आबा," काकू म्हणाली. "तुमीच खाली या."

मग "येतो" असा बारीक आवाज आला. पण कुणी आलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. शेवटी पोपटराव खाली वाकून काकूच्या कानाशी बोलला. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. आबांचे दोन्ही गुडघे गेले होते. दर सभेला ते सगळ्यांच्या आधी येऊन, कुणी बघायच्या आत वर चढायचे. सभा संपली की "तुमी व्हा म्होरं" म्हणायचे आणि सगळे गेले की पायरी पायरी बसत, ढुंगण घासत खाली उतरायचे. हे फक्त पोपटरावला माहीत होतं.

काकूच्या तोंडावर उत्तर आलेलं मला दिसलं. चार पोरं. पालखी. आबांचं ते बोलणं मी तिला सांगितलेलं, म्हणजे सगळं हाताशी होतं, आणि संचालक मंडळ ऐकायला बसलेलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, टाक काकू, टाक. मी काही संत नाही.

काकूनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "समद्यांनी भिताडाकडं त्वांडं करा," ती म्हणाली.

"का गं?" तात्या म्हणाले.

"म्या सांगते म्हणून. द्रोण हातात घिऊन फिरा. खाली ठिवू नगा, मुंग्या लागत्यात. रेहाना, तू बी."

आणि खरंच, सगळं संचालक मंडळ द्रोण हातात घेऊन भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. काकूनं स्वतःची खुर्चीही वळवली. मग ती भिंतीकडं बघूनच मोठ्यानं म्हणाली, "आबा, हितं कुणी बघत न्हाय. या सावकाश."

मग वरनं आवाज आला, "पोपट, तू तेवढा वर ये. आधी वडलांना खाली घे."

पोपटराव गेला. फोटो खाली आला. त्यानंतर जिन्यावर आवाज झाला. धप्प. जरा थांबून परत, धप्प. मधे एकदा आबा कण्हले, तेव्हा तात्या खाकरले आणि ऊस कधी तुटणार याविषयी भिंतीशी बोलायला लागले. बाकीचेही बोलायला लागले. सगळ्यांनी भिंतीला उसाबद्दल पुष्कळ माहिती दिली.

"झालं," आबांचा आवाज जवळनं आला. आम्ही वळलो. आबा क्रेटवर बसून टोपी नीट करत होते. फोटो दूध गार करायच्या टाकीला टेकवला होता. काकूनं द्रोण पुढं केला. आबांनी एक वडी खाल्ली.

"गूळ कमी पडलाय."

"म्होरल्या सभेला वाढवीन."

"म्होरली सभा बी हितंच हाय व्हय?"

"तुमी चेअरमन. तुमी ठरवा."

आबांनी जिन्याकडं बघितलं, मग वडिलांच्या फोटोकडं. "हितंच," म्हणाले.

काकूनं पडद्याचा विषय काढला. पोपटराव "म्हंजे कसं हाय" असं सुरू करणार, तोच आबांनी क्रेटवरनं मान वर करून खिडकीकडं बघितलं. बसलेल्या उंचीवरनं ते त्या खिडकीकडं पहिल्यांदाच बघत असावेत. पोपटराव सवयीनं केबिनमध्ये जाऊन उभा राहिला होता.

"पोपट, आकडा कुठं हाय रं? मला तुझी नुसती हनुवटी दिसती."

ठराव मंजूर झाला. पडदा आता खाली आहे आणि बाहेर वळलेला आहे. बुटक्या बायका, शाळकरी पोरी, सगळ्या आकडा वाचतात आणि हुज्जत घालतात. पोपटराव मला भेटला की म्हणतो, "ताई, तुमच्या सुगम्यतेनं माझी सकाळ खाल्ली."

आमच्या संस्थेला या प्रकरणाचा फारसा उपयोग झाला नाही. अहवालात 'काय बांधलं' असा रकाना असतो. तिथं मी रेघ मारली. हीच युक्ती आणखी दोन गावांत करून बघितली, एकाच ठिकाणी जमली. सगळीकडं गाय वेळेवर वितेच असं नाही.

पण जगाच्या पुढच्या भेटीत मी गोष्ट सांगितली तेव्हा केनियाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्याकडं वार्षिक अंक काढायचं काम आहे ते गृहस्थ लगेच म्हणाले, "जिन्यावरचा फोटो आहे का? चेअरमन उतरतानाचा?"

"नाही," मी म्हटलं.

"व्हिडिओ?"

"नाही."

"तुम्ही तिथंच होतात ना? मग निदान कसे उतरले, कसे दिसत होते, ते चार ओळी लिहून द्या."

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. मी भिंतीकडं बघत होते. भिंतीवर गाभण गाईला काय खायला घालावं याचा तक्ता होता. तो पाहिजे असेल तर तोंडपाठ आहे."